आधी गाडी, मग माणूस

कल्याण-नगर महामार्गानं आळेफाट्याहून बेल्ह्याकडे निघालं की वाटेत राजुरी लागते. इथं तुम्ही पाहुणे म्हणून आलात, तर तुमचं नाव, गाव, सोयरीक कुणी विचारण्याआधी तुमच्या गाडीचा फोटो निघालेला असतो. काढणारे गृहस्थ रस्त्याकडेच्या टपरीपुढं बाकड्यावर बसलेले असतात. अशी असामी बहुतेक प्रत्येक गावात सापडते, म्हणून नाव सांगत बसत नाही. आपण त्यांना नुसतं आप्पा म्हणू.

आप्पांना निसर्ग दिसत नाही. शिवनेरीला गेले आणि पायथ्याच्या पार्किंगचे फोटो घेऊन आले. नातवाच्या बारशाच्या फोटोंत बाळ एकदाच आहे, तेही रिक्षातून उतरताना, आणि त्यातही रिक्षा पूर्ण आलीय.

पाटी वाचण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. एमएच १४ म्हणजे आपली, १६ नगरची, १५ नाशिकची. १२ दिसली की आप्पा उठून उभे राहतात. ‘पुणेकर. गोठा बघायला आलेत. आता गाईला विचारतील, फोटो काढू का म्हणून.’ ४१४१ चा ‘दादा’ करून मिरवणाऱ्या पाटीचा फोटो ते दोनदा काढतात. एकदा आपल्यासाठी, एकदा पोलिसांनी मागितलाच तर म्हणून.

त्यांच्यापाशी दुजाभाव मात्र नाही. फॉर्च्युनर असो, उसाची टायरगाडी असो की दुधाच्या किटल्या लटकवलेली मोटारसायकल, चौकट सगळ्यांना सारखीच. एकदा कुणी पुढारी येणार म्हणून कार्यकर्त्यांनी आप्पांना मुद्दाम उभं केलं होतं. गाड्यांचा ताफा आला आणि नेमका त्याच वेळी पलीकडून मेंढरांचा वाडा निघाला. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पातेली, पातेल्यांवर पाय बांधलेली कोंबडी. आप्पांनी पाठ फिरवली.

‘आवो आप्पा, सायबांची गाडी!’

‘सायेब परत येत्याल, इलेक्शन हाय. ही कोंबडी थांबायची नाय.’

सोमवारी बेल्ह्याचा बाजार. बैल पूर्वी गाडी ओढत बाजारात यायचे, आता पिकअपमध्ये उभे राहून येतात. ज्यानं गाडी ओढायची तोच गाडीतून येतो, हे आप्पांना फार आवडतं. एका फोटोत दोन वाहनं बसतात.

बैलगाडा शर्यतीच्या बाबतीत मात्र नशिबानं त्यांना छळलं. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली मे २०१४ मध्ये. आप्पा तरी यात्रेच्या दिवशी घाटात जायचे आणि मोकळ्या धावपट्टीचे फोटो काढून यायचे. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानंही शिक्का मारला. ‘भिर्रर्र’ पुन्हा घुमलं. आता फोटो बघावेत तर काय? धूळ आहे, घोडीचं शेपूट आहे, आणि एकात माईकवाल्याचा उघडा जबडा. बारी एकही धड नाही. ‘स्पष्ट आला म्हणजे बैल पळालाच नाय,’ आप्पा सांगतात, आणि ह्यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

एसटीचा विषय निघाला तर चहा थंड होतो. १ जून १९४८ ला पहिली बस पुण्याहून नगरला सुटली, ही हकीकत आप्पा अशी सांगतात की घंटी ह्यांनीच मारली असावी. जन्म त्यानंतरचा, पण ते असो. समोर बस थांबते, कंडक्टर विचारतो, ‘आप्पा, बसताय का?’ आप्पा म्हणतात, ‘नाय, तुमी जरा मागं घ्या, ऊन तोंडावर येतंय.’

२०२३ च्या जुलैत नारायणगावला टोमॅटोचा क्रेट दोन हजारांवर गेला, तेव्हा त्यांच्यावर पहिल्यांदा बंदी आली. पिकअपवाले हात आडवा धरायचे. ‘नजर लागंल, आप्पा.’ पुढं भाव पडले आणि तेच लोक स्वतःहून थांबू लागले. आप्पांनी त्यांचेही काढले.

ह्या छंदाचा गावाला उपयोग होतो का? होतो, पण जपून. एका मुलीला बघायला मंडळी आली, ‘घरची गाडी’ घेऊन. आप्पांनी फोन चाळला. तीच गाडी मागच्या लग्नसराईत दुसऱ्याच एका नवरदेवाला घेऊन गावात आली होती. पाटी पिवळी. सोयरीक मोडली नाही, पण मानपानाची बोलणी पुन्हा पहिल्यापासून झाली.

आप्पांची स्वतःची गाडी म्हणजे जुनी बजाज एम-८०. तिच्यावरून त्यांनी दूध घातलं, पोरांना शाळेत सोडलं, आणि आता ती गोठ्यात उभी असते. तिचा एकही फोटो नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘घरच्याचं काय कवतिक?’ आतून काकूंचा आवाज आला, ‘माझाबी नाय.’

दुःख एकच, ते पौराणिक आहे. शेजारच्या आळ्यात ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी. चांगदेव वाघावर बसून आले आणि ज्ञानदेव भिंतीवर बसून सामोरे गेले, ही कथा कीर्तनात आली की सगळे डोळे मिटून ऐकतात. आप्पा चुळबुळतात. भिंत चालली, आणि एकाकडं मोबाइल नाही!

राहता राहिली रेल्वे. जुन्नर तालुक्यात ती अजून आलेली नाही. पुणे-नाशिक मार्गाची आखणी झाली, मोजणी झाली, मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होतो म्हणून मार्गाचाच वाद झाला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तबकड्या आकाशाच्या पार पलीकडचं ऐकतात, त्यांना रेल्वेची खरखर चालत नाही. आप्पांनी मात्र मोजणीच्या वेळीच फोनमध्ये ‘रेल्वे’ नावाचा फोल्डर करून ठेवला. परवा फोनमधली जागा संपली. पुतण्या सफाईला बसला. बारशाचे, मुंजीचे, साखरपुड्याचे फोटो आप्पांनी खुशाल उडवू दिले. बोट ‘रेल्वे’वर आलं तसा त्यांनी हात धरला.

‘आप्पा, ह्यात काहीच नाय.’

‘ऱ्हाऊ दे. लेट हाय.’