माणूस एक, साले तीन

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन आहे. मंत्रालयांत खेटे घालायला आलेला मराठी माणूस तिथे पोहे खात खासदाराची वाट बघतो. समजा, तो नांदेडचा मराठा आहे. घर नांदेडात असले तरी सरकारदरबारी त्याचा मुक्काम तीन सालांत असतो. लोकसभेत राज्याला 48 जागा मिळाल्या त्या 1971 च्या जनगणनेवर, म्हणून मतापुरता तो 1971 मध्ये. अन्नसुरक्षा कायद्यातला राज्याचा सुमारे 7 कोटींचा कोटा 2011 च्या आकड्यांवर, म्हणून रेशनपुरता 2011 मध्ये. त्यानंतरची पोरे स्वतःच्या जबाबदारीवर जन्मली. कुणबी जातीच्या दाखल्यासाठी मात्र सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेट काढले, म्हणजे थेट निजामाच्या राज्यात. आजच्या तारखेत तो फक्त पोहे खातो.

सदनाचा हा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड होता. याच व्हाइसरॉय कर्झनच्या अमदानीत 1901 ची खानेसुमारी झाली. खानेसुमारीचे आयुक्त रिस्लेसाहेबांनी जाती प्रतिष्ठेच्या उतरंडीने लावायचे ठरवले आणि वरची पायरी मागणाऱ्या अर्जांचा पाऊस पडला. 1911 मध्ये एकट्या बंगालातल्या अर्जांचे वजन दीड मणावर गेले. तेव्हा वर चढायला रीघ होती, आता खाली उतरायला आहे. जिना दोन्ही वेळा सरकारनेच बांधलेला.

मोजणाऱ्यांची तऱ्हा आणखी न्यारी. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाचे ओबीसी आकडे महाराष्ट्राने मागितले. 2021 मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की एकट्या महाराष्ट्रात 4 लाख 28 हजारांवर जाती निघाल्यात, यादीत आहेत 494, आणि निघालेल्यांपैकी 99 टक्के जातींत शंभर माणसेही नाहीत. कुणी आडनाव सांगितले, कुणी गोत्र, कुणी पोटजात. लिहिणाऱ्याने कानावर पडले तसे लिहिले. न्यायालयाने राज्याची मागणी फेटाळली. आमच्या भाऊबंदकीने बांध कोरले, विहिरी वाटल्या. पण वेगळी जात काढण्यापर्यंत तिची मजल प्रथमच गेली.

आता नव्या जनगणनेला 1 मार्च 2027 च्या मध्यरात्रीचा मुहूर्त निघाला आहे. या वेळी सगळ्यांची जात विचारणार. पुढे मतदारसंघांची फेररचना, त्यावर महिला आरक्षण. दक्षिणेतले मुख्यमंत्री जागा घटतील या धास्तीने लोकांना पोरे वाढवायला सांगून मोकळे झालेत. दारोदार मोबाइल घेऊन हिंडायला पुन्हा जिल्हा परिषदेचे गुरुजीच. त्या दिवसांत त्यांच्या वर्गात किती पोरे आली, एवढी एक गणती कुणी करणार नाही.