वाटूर फाट्यावरचा हिमालय

वाटूरकरांना बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला, नाहीतर गारपिटीचा. 2014 च्या मार्चमध्ये मराठवाडा गारांनी झोडपला, तेव्हा त्या बर्फावरून पंचनामेच काय ते सरकले. तरीही फाट्यावरच्या हॉटेलात एक चिरंजीव औलीला स्कीइंगला जायची तयारी करत बसलेत. लिफ्ट नको म्हणे! स्की बांधून स्वतःच डोंगर चढायचा आणि घसरत खाली यायचं. "खालीच यायचंय तर वर जाता कशाला?" या काकांच्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही.

सामानाची यादी मात्र अभ्यासपूर्ण. टणक बर्फाला अरुंद स्की, मधोमध ऐंशी-पंच्याऐंशी मिलिमीटर, म्हणजे कड धरते. बाइंडिंग पिनांचं, चढताना टाच मोकळी. तळाला मोहेरचा, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांचा पट्टा. त्याची लव पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. बर्फ काचेसारखा झाला की बकरीही हात टेकते. तिथे स्कीखाली दातेरी क्रॅम्पॉनच लागतात, आणि नेमके तेच चिरंजीवांनी वजन वाचवायला यादीतून उडवले. ग्रॅमांचा हिशेब जुळताच त्यांनी भज्यांची दुसरी प्लेट सांगितली.