प्रकल्पवही : नवशिक्या पालकांसाठी

प्रथम घड्याळ पाहा. रात्रीचे पावणेदहा वाजलेले असावेत. दात घासता घासता पाल्य म्हणेल, "आई, उद्या प्रकल्प द्यायचाय." त्याआधी काहीही करू नये. विषय महिन्यापूर्वीच मिळालेला असतो, पण लवकर सुरुवात केली तर 'ताणतणावाचे समायोजन' कसं शिकणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत ते आहे.

विषय समजा 'पाण्याचे महत्त्व'. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं शटर अर्धं खाली आलं असेल. वाकून आत जा. काका एवढंच विचारतील, "कितवी? मराठी की सेमी?" आणि गेल्या वर्षीचा प्रकल्प प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत छापून हातात पडेल. नावं तेवढी बदला. आमच्याकडून एकदा ऋणनिर्देशात भलत्याच शाळेच्या मुख्याध्यापकांचे मनःपूर्वक आभार मानले गेले. बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला होता.

मुखपृष्ठावर धबधबा. तो चिकटवायचं काम आपलं.

ही पद्धत काढली कुणी, असं पाल्य विचारणार नाही, तरी माहिती असू द्या. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकांनी १९१८ साली यावर निबंध लिहिला. मुलाने स्वतःचा काही हेतू धरून मनापासून केलेलं काम, असा त्यांचा प्रकल्पाचा अर्थ होता. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली, तेव्हाही तकली मुलाच्याच हातात होती, आईच्या नव्हे. पुढे डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, शेती, बांधकाम असली कामं प्रत्यक्ष करत शिकतात. अशा ठिकाणी धबधबा चिकटवून भागत नाही. जोड कच्चा राहिला तर खुर्ची मोडते, आणि ते बाईंच्या आधी बसणाऱ्याला कळतं.

आता धोक्याची सूचना. आपण चिकटवत असताना पाल्याला रिकामं बसू देऊ नका. मी दिलं. त्याला स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला. त्याने खाली आमटीची वाटी ठेवली आणि घड्याळ लावलं. दीडशे मिलीची वाटी चाळीस मिनिटांत भरली. दिवसाला छत्तीस वाट्या, म्हणजे पाच लिटर चारशे मिली! हा हिशेब त्याने न सांगता, पाठकोऱ्या कागदावर केला, आणि मी "झोप आता" म्हणेपर्यंत पान्हा आणून नळ उघडला. टाकीचा कॉक आधी बंद करायचा असतो, हे ओटा, पोळ्यांचा डबा आणि मी असे तिघे भिजल्यावर समजलं.

मग गच्चीवर पळत जाऊन त्याने कॉक फिरवला. तो अख्ख्या विंगचा निघाला. सकाळी कुणाकडेच पाणी नाही. दारोदार जाऊन "काकू, सॉरी, अर्ध्या तासात सोडतो" असं त्यालाच सांगावं लागलं. दोन काकूंनी झापलं, एकीने लाडू दिला. छापील उद्दिष्टांत याला 'परिणामकारक संप्रेषण' म्हणतात.

दुपारची शाळा म्हणून बरं. हार्डवेअरच्या दुकानातून पहिल्या खेपेला त्याने पाऊण इंची वॉशर आणला. "आपला अर्ध्या इंचाचा आहे, जुना नमुना दाखवायला न्यायचा असतो," असं परत आल्यावर त्यानेच मला सुनावलं, जणू मीच चुकले होते. दुसऱ्या खेपेला बरोबर बसला.

वहीला अ-१ श्रेणी मिळाली. नळाबद्दल तिच्यात अक्षरही नाही. तो पाठकोरा कागद वहीत लावावा, असं मला उशिरा सुचलं. तोवर त्यातच जुना वॉशर गुंडाळून तो दुकानात घेऊन गेला होता.