बिनबुडाची टोपली

कौंडण्यपूरच्या घाटावर, वर्धेच्या पाण्याकडे तोंड करून मी मोबाइलवर बास्केटबॉल खेळतो. रोज. खेळ अगदी साधा. ब्राउझरमध्ये पान उघडायचं. काही डाउनलोड करायचं नाही, नाव-गाव नोंदवायचं नाही. एकदा पान उघडलं की मधेच रेंज गेली तरी अडत नाही. अंगठा काचेवर दाबून धरायचा आणि सोडायचा. जितका वेळ दाबला, तितका जोर. चेंडू जातो, कडीवर आपटतो, बाहेर पडतो. मी पुन्हा अंगठा ठेवतो. याला लोक येडेपणा म्हणतात. म्हणू देत, येडेपणाच आहे तो, आणि प्रत्येकानं दिवसातून घटकाभर तरी करावा इतका चांगला आहे.

परवा आजी शेजारी येऊन बसली.

"काय करून राह्यला रे बापू?"

"टोपलीत चेंडू टाकून राह्यलो, आजी."

तिनं वाकून पाहिलं. "अन् या टोपलीले बूड काऊन नाही?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. बूड होतं. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ या मास्तरांनी हिवाळ्यात कोंडलेल्या पोरांसाठी हा खेळ काढला, तेव्हा पीचच्या फळांच्या दोन टोपल्या १० फूट उंचीवर सज्जाला ठोकल्या होत्या. चेंडू आत पडला की कोणीतरी वर चढून तो काढून द्यायचा. पुढे बूड गेलं आणि खेळ पळायला लागला. आत काही साठत नाही म्हणूनच ही टोपली कामाची, हे मी आजीला सांगितलं. तिनं मान हलवली. कापसाची डाली भरण्यात तिचा जन्म गेलाय.

आता अंगठ्याचं सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. खऱ्या कडीचा व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, चेंडूचा २४. म्हणजे जागा मुबलक, असं वाटतं. पण चेंडू सपाट आला की त्याच्या बाजूनं ती गोल कडी चपटी होते. ३० अंशांनी उतरणाऱ्या चेंडूला जेमतेम २३ सेंटिमीटरची फट मिळते. कडीला न घासता तो आत जाणंच शक्य नाही. ४५ अंशांनी आला तर ३२. म्हणून कमान उंच हवी. हे गणित मला कोणी शिकवलं नाही. घामानं ओलसर झालेला अंगठा काचेवरून क्षणभर आधी सुटला की चेंडू कडीच्या पुढच्या ओठावर बसतो, आणि चूक किती झाली ते तिथल्या तिथं कळतं. सोयाबीन पेरणाऱ्या माझ्या भावांना हे सुख नाही. पाऊस चुकतो, भाव चुकतो, आणि आपलं काय चुकलं हे वर्ष संपलं तरी कळत नाही.

नाइस्मिथांच्या त्या टोपलीची पुढची गोष्ट अशी, की १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. नाइस्मिथ तिथं हजर होते. अंतिम सामना उघड्यावर, पावसात. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिका १९, कॅनडा ८. त्याच ऑलिंपिकच्या वेळी आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला आपले देशी खेळ दाखवत होता. त्यातल्या कोणी तो चिखलातला सामना पाहिला असेल का, हा विचार मला फार आवडतो. वर टांगलेल्या गोष्टीकडे माना उंचावून धडपडणं वऱ्हाडी माणसाला कुठं नवं आहे? रुक्मिणीच्या माहेरात, या कौंडण्यपुरात, कार्तिक यात्रेला दहीहंडी असतेच.

"घे आजी, तू टाक."

तिनं अंगठा पदराला पुसला. वेचणी-निंदणीनं तो इतका गुळगुळीत झालाय की रेशनच्या मशीनवर उमटतच नाही. दोन दोनदा, तीन तीनदा दाबूनही मशीन तिला ओळखत नाही. मला भीती वाटली. पण काचेनं तो पहिल्या खेपेलाच घेतला. चेंडू वर गेला, खूप वर, कडीवर एकदा आपटला, थांबल्यासारखा झाला आणि आत गेला.

"आता कोठी गेला?"

"खाली पडला."

"पडू दे," आजी म्हणाली. "दुसरा दे."