वीसपैकी अठरावाले सर

प्रत्येक माध्यमिक शाळेत एक दयाळू सर असतात. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं हुज्जत घालतील, पण दहावीच्या अंतर्गत गुणांचा तक्ता पुढ्यात आला की त्यांचा हात सैल सुटतो. भाषेला लेखी ८०, अंतर्गत २० आणि पास व्हायला दोन्ही मिळून ३५. अठरा आपण टाकले की पोराने लेखीत फक्त सतरा आणायचे. ‘‘सतरा तर हॉलमध्ये तीन तास बसल्याबद्दलच पडतात,’’ असं सरांचं मत.

त्यांची तोंडी परीक्षा बघण्यासारखी. ‘‘नाव सांग.’’ पोरगं सांगतं. ‘‘पूर्ण सांग.’’ पोरगं कसंबसं आडनावापर्यंत पोचतं. ‘‘उच्चार स्वच्छ आहेत हो!’’ म्हणत सर अठरा टाकतात. जो आलाच नाही, त्यालाही अठरा. ‘‘त्याचा आवाज माहितीये मला. वर्षभर मागच्या बाकावरून तेवढाच तर येत होता.’’ पोरंही तयारीची. ‘‘सर, वही नसली तरी अठरा फिक्स ना?’’ सर लटकं रागावतात, ‘‘आधी आण तरी!’’ वही शेवटपर्यंत येत नाही. अठरा येतात.

वीस मात्र कुणालाच नाहीत. उद्या तपासणी आली तर संशय नको.

२०१९ साली मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले, तेव्हा सरांनी सुतक पाळल्यासारखं वर्ष काढलं. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, पण तेवढा तपशील सर गाळतात. २०२०ला गुण परत आले, निकाल ९५.३० टक्के लागला. ‘‘बघा, पोरं हुशारच होती,’’ म्हणत सर स्टाफरूमभर हिंडले.

अठरात एखादा गुण इकडे-तिकडे करायची त्यांची रीतही स्वतंत्र. पूर्वपरीक्षेची यादी शेजारी ठेवायची आणि ज्याला कमी पडले त्याला जास्त द्यायचे. त्यामुळे कोरी वहीसुद्धा न आणणाऱ्याला कधी एकोणीसही पडतात. आणि ती एक मुलगी असते. खाकी कव्हर घातलेली वही, अनुक्रमणिका, समासात लाल रेघ, प्रत्येक स्वाध्यायाखाली तारीख. तिला सतरा. ती विचारायला येते, तेव्हा सर मायेने म्हणतात, ‘‘तुला काय गरज गं? तू लेखीत काढशीलच की!’’ ती वही छातीशी धरून परत जाते. पुढच्या चाचणीपासून तिच्या समासातली लाल रेघ गायब होते.

सर वाईट नाहीत. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, हा नियम २०१०पासून बरीच वर्षं होता. त्यातून सरळ वाचताही न येणारी पोरं त्यांच्या पुढ्यात आली, आणि एका वर्षात ती दुरुस्त करण्यापेक्षा अठरा देणं सोपं होतं. पण पोराला पास करायची सगळी जबाबदारी सरांनीच उचलली, म्हणून पोराच्या वाट्याला काहीच उरलं नाही. तेव्हा पालकसभेत असे सर भेटले, तर आभार मानायच्या आधी मुलाची वही मागून बघा.