शेतात टॉवर येतो तेव्हा: नवशिक्या मालकासाठी मार्गदर्शिका

आधी खुंटी ओळखायला शिका. ऐन तुरीत लाल रंग लावलेली लाकडी खुंटी ठोकलेली दिसली की समजावे, आपली निवड झाली. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. तिवईवर यंत्र लावून एक डोळा मिटलेल्या पोरांना विचारलेत तर ती म्हणतील, "काही नाही काका, नुसता सर्व्हे आहे." नवशिके इथे चहा पाजतात. जरूर पाजावा, पोरं उन्हात उभी असतात आणि त्यांच्या हातात काही नसते. मात्र चहा उकळेपर्यंत कंपनी कोणती, लाइन किती केव्हीची आणि कुठून कुठे चालली आहे, एवढे काढून घ्यावे. खुंटी उपटून ओढ्यात फेकण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. ती खुंटी परत येते आणि येताना पोलीस बंदोबस्त घेऊन येते.

दुसरा धडा मालकीचा. 'जमीन गेली' असे पारावर सांगत बसू नका, कारण कायद्याच्या लेखी तुमचे काहीच गेलेले नाही. धरणाला जमीन घेतात तेव्हा तिचे संपादन होते, सातबाऱ्यावरचे नाव उतरते आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. टॉवरसाठी संपादनच होत नाही. सातबारा तुमचा, शेतसारा तुम्ही भरायचा, सोसायटीचे कर्जही तुमच्याच नावावर. कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. घेतलेच काही नाही, तर चौपट कशाचे द्यायचे?

ही युक्ती इंग्रजांची आहे, १८८५ च्या तार कायद्यातली. तारेचे खांब रोवताना प्रत्येक बांधावर थांबून मालकाची परवानगी कोण मागत बसणार, म्हणून कलम १० ने तार खात्याला थेट शेतात शिरण्याचा अधिकार दिला. २००३ च्या विद्युत कायद्याचे कलम १६४ सरकारी आदेशाने तोच अधिकार वीजवाहिन्या टाकणाऱ्यांच्या हाती देते. पुढे २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तार कायदा रद्द करण्याची तरतूद झाली, पण वीजवाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग आठवणीने जिवंत ठेवला गेला. तार मेली आणि तिचा हक्क चार लोखंडी पायांवर तुमच्या रानात उभा राहिला.

तेव्हा साहेब जीपमधून उतरले की पहिला प्रश्न हाच विचारायचा: "कलम १६४ चा आदेश दाखवता का?" आवाज चढवू नये, राम राम घातल्यासारखा सहज विचारावा. आदेश नसेल तर तुमची लेखी संमती लागते, नाहीतर कलेक्टरची परवानगी. अशा वेळी कोऱ्या संमतीपत्रावर सही करणारा मालक कंपनीला फार आवडतो. आदेश असेल तर मात्र तुमची संमती कोणी विचारणार नाही. यात कमीपणा मानू नका. छत्तीसगडात चुनखडीच्या खाणीवरून तारा गेल्या म्हणून सेंच्युरी टेक्स्टाइल्ससारखी बडी कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिलाही हेच ऐकून परतावे लागले. तुम्ही अडवलेत तर कंपनी कलेक्टरकडे जाते, आणि कलेक्टरचा आदेश झाल्यावर अडवणे हा गुन्हा ठरतो. हरकत घ्यायची ती त्याआधी, लेखी आणि पोहोच घेऊन. शिक्का नसलेली हरकत म्हणजे नुसती बडबड.

आता पैसा. इथे घाई करू नका, वही घ्या. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ मध्ये हे आकडे २०० आणि ३० झाले. मात्र या सूचना आहेत. राज्याचा कोणत्या तारखेचा शासन निर्णय तुम्हाला लागू आहे, हे प्रांत कार्यालयातून लेखी घ्यावे. '२०० टक्के' ऐकून पेढे वाटायला निघालेल्यांनी आधी गुणाकार करावा. ते चार पायांच्या चौकटीपुरते आहेत. ४०० केव्हीच्या लाइनचा पट्टा ४६ मीटर रुंद असतो. तुमच्या शेतातून तो २०० मीटर गेला तर ९,२०० चौरस मीटर होतात, म्हणजे सुमारे ९१ गुंठे, सव्वादोन एकर. त्यावर घर बांधता येत नाही, आंबा-नारळ वाढवता येत नाही, बोअरची गाडी उभी करायला लोक धजत नाहीत. पाचट पेटवले तर लाइन ट्रिप होते आणि साहेब पुन्हा येतात. या सव्वादोन एकरांना ३० टक्के. आणि टक्के कशाचे? रेडीरेकनरमधल्या दराचे असतील, तर तुमची विहीर-ठिबकाची जमीन कागदावर जिरायत तर नाही ना, ते आजच पाहा.

पिकांचा पंचनामा वेगळा असतो आणि तो सहसा तीनदा करावा लागतो: पाया खोदताना, टॉवर उभारताना, तारा ओढताना. पंच म्हणून दोन अनोळखी इसम जीपमधूनच आलेले असू शकतात. आदल्या दिवशी तारखेसह फोटो काढा, झाडे मोजा, ई-पीक पाहणीत नोंद करा. नोंद नसलेला डाळिंबाचा बाग सरकारी डोळ्यांना पडीक दिसतो. खड्ड्यातला मुरूम काळ्या मातीवर पसरला असेल तर तेही पंचनाम्यात लिहून घ्या. कलम १० म्हणते की नुकसान शक्य तितके कमी करायचे आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्यायची. 'पूर्ण' हा शब्द कायद्यात आहे, चेकवर तो दिसत नाही.

भावकीत वाटणीचा वाद असेल तर कंपनी निवांत असते. पैसे जिल्हा न्यायाधीशांकडे भरून ती मोकळी होते आणि भाऊ तिथे भांडत बसतात.

रक्कम कमी वाटली तरी जायचे जिल्हा न्यायाधीशांकडेच, तार कायद्याच्या कलम १६ खाली. अर्जाला तीन वर्षांची मुदत आहे. जमीन कुठे आहे, तारा तुकड्याच्या मधून गेल्या की कडेने, उरलेली जमीन कामाची राहिली का, हे सगळे भरपाईत धरावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केरळच्या खटल्यात सांगितले आहे. म्हणून नकाशा जोडा. जिल्हा न्यायाधीशांच्या निकालावर नेहमीचे अपील नाही, उच्च न्यायालयातल्या रिटचा रस्ता तेवढा उरतो.

शेवटी प्रगत विद्यार्थ्यांसाठी त्याच कायद्याचे कलम १७. पुढे कधी तिथे गोठा बांधायचा झाला आणि टॉवर आड आला, तर तो हलवायला सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी हलवण्याचा खर्च किंवा मिळालेल्या भरपाईची अर्धी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरायची. कंपनीने ऐकले नाही तर कलेक्टरकडे अर्ज करता येतो, आणि तो अर्ज फेटाळण्याची मुभा कलेक्टरला आहे. साध्या कागदावर, दोन प्रतींत करावा.