स्थानिक शहाणपण

आमच्या घरात लोणच्याची बरणी कुठे ठेवायची, हेसुद्धा मला कुणी विचारत नाही. सौ. कधीमधी विचारते, पण मी सांगितलेली जागा सोडून बाकी कुठे ठेवता येईल, ते ठरवण्यासाठी. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत शहरातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजची चौदा पोरंपोरी आमच्या फाट्यावर उतरली आणि त्यांचे सर हात जोडून मला म्हणाले, “काका, आम्ही शिकवायला नाही, तुमच्याकडून शिकायला आलोय,” तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे फक्त शेळी होती.

आमचं गाव देऊळगाव राजाच्या जवळच, पण एस.टी. गावात येत नाही, फाट्यावर थांबते. ही मंडळी आदल्या वर्षी सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांच्या वाड्याची मापं घ्यायला आली होती. परतताना फाट्यावर त्यांची गाडी पंक्चर झाली, दोन तास उभं राहावं लागलं आणि इथे निवारा हवा, असा शोध लागला. आम्ही तिथे जन्मभर उभे आहोत, पण आमचं पंक्चर कुणी मोजत नाही.

निवारा बांधायचा हे ठरलेलं होतं, तरी गावाला काय हवं ते विचारणं अभ्यासक्रमात होतं. मग पारावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. सोयाबीनला भाव. नळाला रोज पाणी. पोराला बायको. ही शेवटची मागणी सात चिठ्ठ्यांवर होती, अक्षर मात्र एकच. संध्याकाळी वारा सुटला आणि गावाच्या सगळ्या अपेक्षा तुरीच्या रानात गेल्या.

रात्री सरांनी शाळेच्या भिंतीवर चित्रं दाखवली. अमेरिकेत अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ साली ‘रूरल स्टुडिओ’ काढला. पोरांनी वर्गातून उठायचं, खेड्यात राहायचं आणि तिथल्या गरिबांसाठी खरंखुरं बांधकाम करायचं. कुठे जुन्या टायरांच्या भिंतींचं प्रार्थनाघर, कुठे शेव्हरले गाड्यांच्या काचा लावलेलं समाजमंदिर. “काचा आहेत, मग गाड्या कुठी गेल्या?” असं मागून कुणीतरी विचारलं. सर पुढे म्हणाले, “आणि २००५ पासून हे लोक वीस हजारात घर बांधायची खटपट करताहेत.” इथे ते पाणी प्यायला थांबले. तेवढा घोटभर वेळ पुरला. घरकुलाचे एक लाख वीस हजार आणि हे वीस हजार यांचा हिशेब गावाने अंधारातच मांडला. सकाळी सात वाजता शाळेपुढे आधार कार्डं घेऊन रांग! ते वीस हजार डॉलर होते, हे समजावता समजावता पोरांचा नाश्ता थंड झाला. “डॉलर म्हंजी तेवढ्यात तं देऊळगावात प्लॉट येते,” असं म्हणत रांग मोडली.

१९९३ म्हटलं की आमच्याकडे अलाबामा आठवत नाही, किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबरची पहाट. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली माणसं झोपेतच गेली. आमच्या गावाला काही झालं नव्हतं, पण त्यानंतर ज्याच्या हातात चार पैसे आले, त्याने आधी स्लॅब टाकला. त्यामुळे एक पोरगी डोळे चमकवून म्हणाली, “आपण मातीत भिंती बांधू, आत किती गारवा राहील,” तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, “माय, मातीतून बाहेर निघायले आमची हयात गेली, अन् तू पुन्हा मातीत घालती का?” पोरीने वही मिटली. शेवटी तडजोड झाली: तीन बाजूंनी दगडाच्या भिंती, पण सिमेंटात. मधून काँक्रीटचा पट्टा, सळई जालन्याची. वर पत्रा.

नकाशा मिलिमीटरमध्ये होता. मिस्त्रीने तो उलटा, सुलटा आणि मग पुन्हा उलटा धरला. “हे साडेचार हजार काय हाये? विटा?”

“लांबी आहे, दादा.”

“मंग पावणेपंधरा फूट म्हना की!”

एका पोराने भिंतीला मोबाइल टेकवून ती सरळ असल्याचं जाहीर केलं. मिस्त्रीने खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली, एक डोळा मिटला. ओळंबा हेलकावत हेलकावत थांबेपर्यंत चौदाही जणांनी श्वास धरला होता. “दोन सूत बाहेर.” सूत म्हणजे काय, यावर अर्धा तास चर्चा झाली. इंचाचा आठवा हिस्सा हे उत्तर मिळेपर्यंत मिस्त्रीने वरचा थर उतरवून पुन्हा रचलाही होता.

माझं खरं नुकसान झालं ते लाटा मंडपामुळे. आश्विनात देऊळगावच्या बालाजीच्या देवळासमोर भल्यामोठ्या सागवानी लाटा दोरखंडांनी ओढून उभ्या करतात, भाविकांची नुसती झुंबड असते. त्याचा व्हिडिओ मी पोरांना दाखवला. “याचं ड्रॉइंग कुणाकडे असतं?” सरांनी विचारलं. “दोराकडे,” मी सहज म्हणालो. पाच जणांनी ते लिहून घेतलं. तिथून मी ‘काका’चा स्थानिक शहाणपण झालो. भाजीत मीठ किती हेही मला विचारू लागले.

मग निवाऱ्याचं तोंड कुठे, असा प्रश्न आला. मातीच्या भिंतींवाल्या त्याच पोरीने मोबाइलवर सूर्याच्या वाटा काढल्या होत्या. “काका, पश्चिमेला नको. मे महिन्यात दुपारी ऊन सरळ आत येईल. उत्तरेला करू या.”

मी उठलो. हात कपाळावर धरून क्षितिजाकडे पाहिलं, तसं पाहायची मला सवय लागली होती. “जालन्याची एस.टी. मावळतीकडून येते,” मी म्हणालो. “माणसाला गाडी दिसली पाहिजे. उन्हाचं काय, ते येतं नि जातं.” जानेवारीतलं ऊन अंगावर शालीसारखं होतं, मे महिना कुणाला आठवतो? पोरीने तोंड उघडलं. सरांनी तिला हाताने थांबवलं आणि हळूच म्हणाले, “सॉफ्टवेअरपेक्षा हे मोठं असतं.”

दहाव्या दिवशी नारळ फुटला.

मे महिन्यात दुपारी तीननंतर आतल्या ओट्यावर भाकरी भाजता आली असती. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही, सौ.ने तिथे दोन दिवस कुरडया वाळवल्या. गावाने मात्र एक अक्षर न बोलता सोय लावली. मागच्या भिंतीची सावली पलीकडे पडते, तर सगळे भिंतीमागे जाऊन बसू लागले. तिकडून एस.टी. दिसत नाही, म्हणून एक पोरगं पुढे उन्हात उभं करायचं. त्याला प्रत्येकी एक रुपया.

यंदा एप्रिलमध्ये ते सर नवी तुकडी घेऊन आले. भिंतीमागची गर्दी पाहून हरखले. “बघा, वापरणाऱ्यांनी मागची बाजू किती सहज आपलीशी केलीय!” मग सगळे फोटो काढायला पांगले.

सोबत ती पोरगीही आली होती. आता ती नोकरीला लागलीय.

“काका, तुम्ही आत नाही बसत?”

“इकडे वारं येतं,” मी म्हणालो.

तिने आकाशाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे. चार वाजायला दहा मिनिटं होती. ती काही बोलली नाही. पायातल्या चपला झटकल्या आणि म्हणाली, “सरका थोडं.”

मी सरकलो. माझा एक पाय उन्हात गेला.